नाव ठरेपर्यंत नाक फुटलं

...आणि वर मलाच ऐकवतात, "रोंडा, पोलिसांना कशाला बोलावलंस?" म्हणजे दोन आजोबांनी नातवाच्या नावावरून एकमेकांचे मुडदे पाडायचे आणि मी कुंपणाआडून भेंडी तोडत बसायचं? मला काय, मी आपली शेजारीण. पण तुम्हाला सांगते, रक्त माझ्या भेंडीवर उडालं होतं.

आता आमच्या अलाबामात पहिल्या मुलाला आईच्या माहेरचं आडनाव नाव म्हणून ठेवतात, हे काय आज निघालंय? शेजारची लिअॅन माहेरची प्रुइट, म्हणून मुलगा प्रुइट. तिच्या बापानं, रॉइसनं, पोर पोटात असतानाच चांदीच्या पेल्यावर 'प्रुइट' कोरून आणलं. सासरा ड्वाइट भर जेवणात उठला.

"माझ्या कुत्र्यावर गाडी घालणाऱ्याचं नाव माझ्या नातवाला? लँगस्टन ठेवायचं. माझ्या आईचं माहेर."

"तुझ्या आईच्या माहेरचे कोंबड्या चोरायचे, ड्वाइट."

झालं. पेला ड्वाइटच्या नाकावर, ड्वाइटची बुक्की रॉइसच्या जबड्यावर, दात पीचच्या पुडिंगात, ओसरीवरचा झोपाळा साखळीसकट खाली... आणि लिअॅनचा नवरा? टेबलाखाली. मला काय, मी शेजारीण. पण आठ महिन्यांची पोटुशी पोर मधे पडून "बाबा, खाली ठेवा ते" म्हणतेय आणि रॉइसनं भिरकावलेला बिडाचा तवा तिच्या कानाजवळून जातोय म्हटल्यावर मी फोन लावला. कोण येणार हे माहीत असून लावला.

आला शेरीफचा माणूस. दोघांना मानगुटीला धरून पायरीवर आपटलं, बेड्या घातल्या. लिअॅननं पोट सावरत त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"ठरलं. ज्यानं माझं पोर वाचवलं त्याचं आडनाव. हॅमरिक."

ड्वाइट नाक दाबून म्हणाला, "प्रुइट नाही ना? मग चालेल."

रॉइस रक्त थुंकला. "लँगस्टन नाही ना? मलाही चालेल."

सगळे खूश. मला काय, मी शेजारीण... फक्त तो हॅमरिक माझा आधीचा नवरा. ते आडनाव मी अकरा वर्षांपूर्वी कोर्टात टाकून आले, आता त्याच नावानं रोज कुंपणापलीकडून पोराला जेवायला हाका मारणार. आणि गल्लीत बाळांच्या टोपड्यांवर नाव भरतं कोण? मीच. कालच घेतलंय भरायला. पहिलं अक्षर झालं, सुई तीनदा बोटात गेली.