गोदाबाईंची तीन टिंबं

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एस.टी.त दिगांबरराव पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. पण पुढच्या बाकावर आजी आणि नात बोलू लागल्या, आणि त्यांचं पान काही उलटेना.

“दामिनी, तुह्या इंग्रजी प्रबंधात माह्या बोलण्याले दोनी बाजूनं हे कान कायचे?”

“अवतरणचिन्हं, आजी. म्हणजे शब्द तुझेच, जसेच्या तसे.”

“अन् पयलं अक्षर येवढं मोठं?”

“अख्खं वाक्य उचललं की तसं लिहितात.”

“बरं केलं. मी लहान बोलतच नाई. पण हे तीन टिंबं मी कवा बोलली?”

“तिथलं गाळलं. कणकेचा रोडगा गोवऱ्यांवर कसा भाजायचा ते सांगता सांगता तू तुळसाआजीवर घसरलीस.”

“माह्या नणंदेचा रोडगा गाईनं हुंगून सोडला, हे खरं हाय! लिव्ह तसंच.”

“ती जन्मभर बोलणार नाही आपल्याशी. आणि आता मूर्तिजापूरला याच गाडीत चढणार आहे.”

“चढू दे. मी तोंडावर सांगतो तिले.”

मूर्तिजापूरला तुळसाबाई डबा सांभाळत चढल्या.

“गोदावैनी, पोरीच्या प्रबंधात माह्यं बी नाव आलं म्हणे?”

दिगांबररावांनी पुस्तक मिटलं.

“आलं ना बाई. येकदा नाई, तीनदा!”

तुळसाबाई इतक्या हरखल्या, की त्यांनी डबा उघडून मागच्या बाकावरही एक रोडगा दिला.

“घ्या भाऊ. सांगा, कसा झाला?”

खरं बोलावं की गोड बोलावं, हे दिगांबररावांना आयुष्यात कधी वेळेवर ठरवता आलं नव्हतं. सुदैवानं पहिलाच घास त्यांचा बडनेऱ्याचा थांबा येईपर्यंत चावून झाला नाही.