वारा अडवायला काय घालू?

...हसताय काय? वसईत थंडी नसते म्हणे! हेच, अगदी हेच वाक्य मला त्या आठवड्यात नंदाखालपासून आगाशीपर्यंत भेटेल त्या माणसाने ऐकवलं, "मास्तर, वसईत कसली आलीय थंडी?" अहो, पण मी कुठे म्हणतोय थंडी? थंडीचं मी काही म्हणतच नाही! मी म्हणतोय वारा! तुम्ही कधी मोटारसायकल चालवलीय? जानेवारीत? उजाडायच्या आत? नाही ना? मग आता तुम्ही नवी गाडी घेतलीच आहे आणि मला विचारलंतच आहे की मास्तर, वारा लागू नये म्हणून काय घालू, तर निमूट बसा आणि सगळं ऐका, कारण हे असं एका वाक्यात सांगण्यासारखं नाही हो, या प्रश्नापायी माझं लग्न झालंय!

तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी. मी शाळेत विज्ञान शिकवतो, शाळा वसईला, आणि सकाळची. म्हणून एक जुनी राजदूत घेतली. घेताना डोक्यात काय काय होतं... केस उडतायत, शर्ट फुगलाय, लोक वळून बघतायत. पहिल्या दिवशी निर्मळ गाव ओलांडलं आणि मी हादरलो! वाड्यांना पाणी सोडलेलं, केळी ओल्या, पानवेली ओल्या, माती ओली, आणि त्या ओलीवरून जो वारा येतो तो आधी शर्टाच्या बटणांमधून शिरतो, मग बाहीतून काखेत, मग कुठे जातो ते बायकामाणसांसमोर सांगता येत नाही. आणि कमाल ऐका, याच हवेत आदल्या दिवशी मी अंगणात बनियनवर उभा राहून चहा प्यायलो होतो! तीच हवा! आपण उभे असलो तर हवा गरीब, आपण पळालो की ती जिवावर उठते! थंडीचं मी काही म्हणत नाही, पण वारा?

बरं, शाळेपुरतं असतं तर सोसलं असतं. पण त्याच महिन्यात भुईगावचं स्थळ आलं. क्लेमेंटकाकांची मुलगी, पॉलिन. काकांची फुलांची वाडी, रोज पहाटे फुलांची टोपली सायकलला बांधून वसईच्या स्टेशनवर न्यायची, तिथून ती मुंबईला. निरोप आला, "रविवारी सकाळी सातला या, चहा घेऊ, मग सगळेच चर्चमध्ये मिस्साला जाऊ." गेलो. पातळ टेरिलिनचा शर्ट घालून गेलो! छाप पाडायची होती ना! भुईगावला पोचलो तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून... तेही, आणि जबडा? जबडा बंद! काका म्हणाले, "या या, नाव काय म्हणालात?" मी म्हटलं, "म्म्म्म..." "शिकवता काय?" "व्व्व्व..." तिची आई मार्थाकाकू पदर तोंडाला लावून आत ओरडल्या, "अगो, रडतोय गं हा! कुणी जबरदस्तीने पाठवलाय काय याला?"

काका बिचारे मला मोकळं वाटावं म्हणून बाहेर गाडीपाशी घेऊन गेले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची सीट दोनदा दाबून बघितली, आणि म्हणाले, "मागे बसणाऱ्याला वारा लागतो का हो?" मी म्हटलं, "म्म्म्म..." हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

आणि पॉलिन? तिने चहा आणला, माझ्या हातांकडे बघितलं, आणि कप बशीत न ठेवता माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये धरवला. प्यायला नाही हो, शेकायला! खरं सांगतो, मी तिथेच संपलो. करीन तर हिच्याशीच, नाहीतर राजदूतवर एकटाच म्हातारा होईन, असं ठरवलं. आणि संध्याकाळी निरोप आला. काय? "मुलगा दिसायला बरा आहे, पण एक तर मुका आहे, नाहीतर त्याचा जीव दुसरीवर आहे. पुढच्या रविवारी येऊन एकदा बोलून दाखवा, कारण विरारचं बँकेतलं स्थळ थांबलंय." बोलून दाखवा! मला! जो वर्गात बोलायला लागला की मुलं घंटेची प्रार्थना करतात!

म्हणजे आता एकच आठवडा, आणि एकच प्रश्न, वारा अडवायला काय घालू? आधी स्वेटर. एकावर एक, दोन. नाताळात मावशीने विणलेले. पण स्वेटर म्हणजे काय हो? भोकं! लोकरीने एकमेकांना बांधलेली भोकं! वारा एका स्वेटरमधून दुसऱ्यात, जसा काही पाहुणा ओटीवरून माजघरात. मग आगाशीच्या बाजारात शिंप्याकडे गेलो, म्हटलं वारा जाणार नाही असं जाकीट शिवून द्या. तो टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणतो, "मास्तर, काश्मीरला बदली झाली का?" थंडीचं मी काही म्हणत नाही, अशी सुरुवात केली तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग डोकं चालवलं. विज्ञान! प्लास्टिकमधून हवा जात नाही! वाडीत खताची रिकामी पिशवी होती, धुतली, डोक्याला नि हातांना भोकं पाडली, आणि शर्टाच्या आत घातली. आणि काय सांगू, वारा बंद! साफ बंद! पण घाम? घाम कुठे जाणार? वर्गात पोचेपर्यंत मी आतून उकडलेला, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि मुलं हसतायत... मला कळेना का हसतायत. पांढरा शर्ट हो! ओला! छातीवर मोठ्या अक्षरांत वाचता येत होतं, 'फक्त शेतीसाठी'! एक मुलगी तर वहीत उतरवून घेत होती, तिला वाटलं धडा आहे.

मग अर्नाळ्याचा हरेश्वर भेटला. माझाच जुना विद्यार्थी, आता बापाच्या होडीवर. त्याला सांगितलं तर म्हणतो, "मास्तर, येवढंच ना? शिडाचं कापड देतो. ज्यातून पानी नाय जात, त्यातून वारा कुठून जानार?" पटलं! मला, विज्ञानाच्या मास्तराला, पटलं! जुन्या शिडाचा अंगरखा शिवला त्याच्या बहिणीने, पार गुडघ्यापर्यंत. निघालो. मोकळ्यावर आलो, समुद्राकडून वारा आला आणि... अहो, शीड आहे ते! शिडाचं काम वारा अडवणं नाही, वारा धरणं! माझा अंगरखा फुगला, मी डावीकडे वळवतोय, गाडी उजवीकडे चाललीय, आणि मी सरळ एकाच्या केळीच्या वाडीत! तो माणूस खोऱ्यावर रेलून शांतपणे विचारतो, "मास्तर, वाट चुकलात?" आणि वर बोंबलांचा वास. शाळेत मांजर मागे, घरी मांजर मागे. शनिवार उजाडला तरी माझ्याकडे घालायला काही नाही. मी ओटीवर डोकं धरून बसलो. खरंच रडायला आलो होतो, आणि या खेपेला वाऱ्याने नव्हे.

तेव्हा आई बोलली. माझी आई नंदाखालची, तिची सुकेळी तुम्ही खाल्ली असतील. राजेळी केळी पिकली की सोलायची, मांडवावर उन्हात वाळवायची, आणि वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीने, करकचून बांधायची. ती म्हणाली, "अरे, माझं सुकेळं पावसाळ्यापर्यंत मऊ राहतं ते कशाने? पानाने! त्याला वारा लागत नाही. तू काय केळ्यापेक्षा मोठा लागून गेलास?"

रविवारी पहाटे तिने मला उभं केलं आणि बांधलं हो, बांधलं! छातीला पान, पाठीला पान, दंडाला पान, वरून सोपट आवळायचं, "श्वास सोड, श्वास सोड." त्यावर शर्ट, त्यावर बाबांचा लग्नातला काळा कोट. मी आरशात बघितलं तर मी माझ्या दुप्पट. आई खूश, "बरं झालं, तब्येत दिसते."

आणि तुम्हाला सांगतो... वारा गेला! खरंच गेला! निर्मळ आलं, काही नाही. ओल्या वाड्या आल्या, काही नाही. मी त्या गाडीवर पहिल्यांदा गाणं म्हटलं! भुईगावला उतरलो तो तोंड उघडूनच, "नमस्कार काका! नमस्कार काकू! मी मार्सेल! मी विज्ञान शिकवतो!" मार्थाकाकू दचकून दोन पावलं मागे.

बसलो. आणि आवाज आला. कर्रर्र. काका छपराकडे बघायला लागले, "जानेवारीत पाऊस?" मी श्वास घेतला. चुर्रर्र. काकू म्हणाल्या, "उंदीर झालेत हो, परवा पण ऐकला मी." त्यांचं मांजर कान टवकारून माझ्या पायाशी. मी श्वासच घेईना. आवाज दाबायला मोठमोठ्याने बोलतोय, शाळा, मुलं, गुरुत्वाकर्षण... बंद खोली, गरम चहा, अंगावर पानं, कोट... छान ऊब आली. नुसती मला नाही हो आली. मला काय माहीत, आईने नवी पानं बाजारासाठी ठेवली होती आणि मला बांधली ती जुनी, गेल्या वर्षीच्या सुकेळ्यांची, आतून गोड नि चिकट! आणि त्यांच्या घड्यांमध्ये कोण झोपलं होतं? मुंग्या! लाल! त्यांनाही ऊब लागली आणि त्या जाग्या झाल्या!

आणि नेमका तेव्हाच काकांनी तपास सुरू केला. "व्यसन काही?" "नाही... हा!" "देवळात जाता?" "रोज... आई गं!" "रागीट नाही ना?" "मु-मुळीच नाहीऽऽऽ!" मी उभा राहिलो, कोट फेकला, शर्ट फाडला म्हटलं तरी चालेल, आणि भावी सासू-सासऱ्यांच्या समोर, त्यांच्या घरातल्या अल्ताराच्या, येशूच्या देव्हाऱ्याच्या समोर, मी असा उभा, वाळक्या पानांत गुंडाळलेला, सोपटाने आवळलेला, नाचणारा! काकूंनी क्रूसाची खूण केली. मांजर कपाटावर गेलं. मला वाटलं, संपलं. बँकवाला जिंकला.

पॉलिन पुढे आली. एक सोपट सोडलं, पान हातात घेतलं, नाकाला लावलं, आणि म्हणाली, "राजेळी. गेल्या वर्षीची. नवी पानं बाजारासाठी ठेवली ना तुमच्या आईने? आमच्याकडेही असंच असतं." मग वडिलांकडे वळली, "बाबा, मुका नाहीये हा." आणि मग हळूच, "माझ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून हा माणूस स्वतःला बांधून घेऊन आलाय. बँकवाला येईल असा?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "बघ, परत रडतोय!"

काका मात्र उठले, बाहेर गेले, गाडीभोवती पुन्हा चक्कर मारली, मागची सीट पुन्हा दाबली. "म्हणजे पुढच्याला एवढा वारा लागतो की अंगाला पानं बांधावी लागतात?" म्हटलं, "हो काका." "आणि मागच्याला?" "नाही लागत." "मुळीच?" "मुळीच नाही, सगळा मीच घेतो." त्यांनी मला मुंग्यांसकट मिठी मारली, "लग्न ईस्टर झाल्यावर!" मला वाटलं, लेकीच्या शब्दांनी माणूस विरघळला. किती भाबडा हो मी!

ईस्टर झाला, लग्न झालं, आणि सोमवारी पहाटे शाळेला निघालो तर भुईगावच्या नाक्यावर सासरे उभे! कडेला फुलांची टोपली, अंगात नुसता सदरा! "थांबा जावईबापू, वसईलाच चाललात ना?" तेव्हापासून रोज. टोपली मांडीवर, तोंड माझ्या पाठीआड, आणि मजेत गाणी म्हणतात! मी पुढे थरथरतोय आणि मागे हा माणूस गातोय! परवा न राहवून विचारलं, "बाबा, खरं सांगा, वारा नाही लागत?" म्हणाले, "छे! बँकवाल्याला उगाच नाही म्हटलं का? काडी होता हो तो, वारा आरपार आला असता. तुम्ही कसे, रुंद!" आणि घरी बायकोकडे पानं मागितली, तर ती काय म्हणाली? "नवी बाजारासाठी आहेत."

तर थंडीचं मी काही म्हणत नाही. पण तुम्ही विचारलंत ना, वारा अडवायला काय घालू? स्वेटर नको, प्लास्टिक नको, शीड तर नकोच. पुढे जावई घाला! त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझंही ठरलंय, मीसुद्धा तेच घालणार... मुलगी आहे मला. आठ महिन्यांची.