सव्वासहा तास

ताई : फोनवर नुसतं ‘बाबा गेले’ म्हणालीस. किती वाजता गेले ते सांग ना.

धाकटी : गाडीचा पट्टा लाव आधी. घरी माणसं खोळंबलीत, पाऊण तासाचा रस्ता आहे.

ताई : किती वाजता?

धाकटी : सहाला दहा मिनिटं कमी होती.

ताई : म्हणजे मी तेव्हा दुसऱ्या विमानात चढत होते.

धाकटी : दुसऱ्या? तू तर थेट विमान म्हणाली होतीस! ‘साडेआठला पोहोचते’ असा मेसेज आला, तेव्हा मला वाटलं विमान लेट झालं. त्या वैमानिकाच्या सात पिढ्या उद्धरल्या मी.

ताई : थेट विमानात जागाच नव्हती गं. मध्ये चार तास बाकड्यावर बसून होते.

धाकटी : मग फोनवर सव्वासहा तास का सांगितलंस?

ताई : खरं सांगितलं असतं तर बाबांनी धीर सोडला असता. म्हणून नेहमीचंच सांगितलं.

धाकटी : अगं, पस्तीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिणारा माणूस तो! त्यांना आकडा दिला की संपलं. तू परदेशी गेलीस त्याच वर्षी कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवलं होतं त्यांनी. दोन विमानतळांमधलं अंतर चार हजार आठशे किलोमीटर, वेळ सव्वासहा तास. आज दहाला तुझं विमान सुटलं, तसं मला घड्याळ वाचायला बसवलं. वर सामानाला अर्धा तास, रस्त्याला पाऊण. ‘साडेपाचला दारात,’ म्हणाले. डॉक्टर सकाळीच बोलले होते, दुपार निघायची नाही. त्यांनी काढली. तुझ्या त्या आकड्यावर काढली.

ताई : आणि साडेपाचला?

धाकटी : जाऊ दे ना आता.

ताई : जाऊ कसं देऊ? उतरल्यापासून तेच खातंय मला. माझ्यावर रागावून गेले का गं?

(धाकटी गाडी रस्त्याच्या कडेला घेते.)

धाकटी : दिसायचं बंद झालं होतं त्यांना. ‘आली का?’ विचारलं. मी बाहेर गेले, दार वाजवलं आणि परत आत आले.

ताई : म्हणजे?

धाकटी : ‘आले बाबा’ म्हटलं. तुझ्यासारखं, जरा ओढून. फोनवर आपल्या दोघींत घोटाळा व्हायचाच की त्यांचा.

ताई : तू मी झालीस?

धाकटी : मारायचं तर मार. मला दुसरं काही सुचलं नाही.

ताई : ओळखलं नाही त्यांनी?

धाकटी : नाही. हात धरला. ‘वेळेवर आलीस,’ म्हणाले. किती खूश झाले होते गं.

ताई : मग रडतेस कशाला? मला भेटूनच गेले म्हणायचे.

धाकटी : तुला भेटले. मग मला विचारतात, ‘धाकटी कुठाय?’

ताई : अगं बाई. काय सांगितलंस?

धाकटी : औषध आणायला गेलीय म्हटलं.

ताई : मग?

धाकटी : ‘बरं,’ म्हणाले, माझा हात न सोडता. ‘येऊ दे तिला. थांबतो.’