दोन तक्ते आणि एक उंबरठा

तुम्ही मला मुकी म्हणता, पण मी एकदा चक्क इंजिनिअरसाहेबांसमोर बोलले आहे, तेही बर्फाच्या कारखान्यात.

बाबा तिथे पाणी गोठवणारं अमोनियाचं मशीन चालवतात. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. नागपूरहून आलेले नवे साहेब भिंतीवरचा बाबांचा जुना तक्ता आपल्या पुस्तकाशी ताडून पाहत होते. कोणत्या तापमानाला अमोनियात किती उष्णता असते, याचा एकही आकडा जुळत नव्हता.

"तक्ता चुकीचा आहे. फाडून टाका."

"साहेब, याच तक्त्यावर मी नऊ वर्षं बर्फ जमवून राह्यलो," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मी दोन्हीकडचे आकडे वाचले. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत फरक अठ्ठ्याहत्तरचाच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हे आपल्या दारासारखं हाय."

"काऊन? दाराचं काय?"

"दारावर आमच्या उंचीच्या खुणा करताना तुम्ही दादाले उंबरठ्यावर उभं केलं अन् मले खाली जमिनीवर. इथंबी मोजायची सुरुवात येगळी असन."

साहेबांनी दोन्हीकडच्या तळटीपा वाचल्या. पुस्तकातली मोजणी बर्फ वितळतो तिथून सुरू होत होती, तक्त्यातली त्याच्याही बऱ्याच खालून. दोन्ही बरोबर होते. साहेबांनी हसून तक्ता तसाच राहू दिला.

बाबा मात्र विचारात पडले. "म्हणजे पोरी, तुहा दादा तुह्यापेक्षा उंच नाईच?"

"नाई बाबा. तीन वर्षं झाली मले त्याच्याएवढी होऊन, पण कोणी विचारलंच नाई."