चार दिवस गडप

शहात्तर सालच्या एका दुपारी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर काशम्मा गाडीची वाट बघत बसली होती. तिच्याच बाकड्यावर मोहोळचा कुंडलिक बायकोला पेपर वाचून दाखवत होता.

"सोजर, आयक की. अमेरिकेकडं असा दर्या हाय, जहाजं, इमानं तितं गेली की गडप!"

"माणसांसकट?"

"व्हय. शोधाय गेलेलीबी गडप."

"आन् तुमी गेल्या म्हैन्यात चार दिवस गडप झालता, ते कुटं?"

"सांगोल्याच्या बाजाराला."

"बाजार एकच दिस असतो."

"बैल बघत हुतो."

"मग बैल?"

"पसंत पडला न्हाय."

"बरं, उठा. गाडी लागली."

"अगं, ही वेळापूरची हाय!"

"म्हायारीच जायचंय. ते बैलाचं आमच्या आण्णांना सांगा."

"आण्णा लई तापट हायत, सोजर! थांब, खरं सांगतो. बस जरा."

सोजरबाई बसली. काशम्माही जराशी जवळ सरकली.

"तमाशाच्या फडामागं फिरत हुतो. दोन गावांत ढोलकीबी वाजवली."

"चार दिवस?"

"व्हय."

"रोज तमाशा?"

"रोज."

"आन् मला न्हेलं न्हाय?"