जुवाईला विचारलं कुणी?

मंडळी, एक साधा प्रश्न आहे. देव राखतो, हे आपण सगळेच मानतो. बरं. मग देव राखतो म्हटल्यावर माणसानं काय करायचं? नुसतं राखून घ्यायचं? — माना डोलवू नका, उत्तर द्या. येत नाही? मग ऐका.

आपल्या या खाडीच्या तोंडाशी माडजुवा नावाचं बेट. चाळीस घरं, एक विहीर, आणि देवळात काळ्या पाषाणाची जुवाईदेवी. तिचा गुरव रवळू. वय सत्तर. सात पिढ्या पूजा याच घरात. माणूस इतका सरळ, की खोटं बोलायची वेळ आली की याला खोकला लागायचा. सगळ्या बेटाला ठाऊक.

तर आधी विहीर खारट झाली. लोकांनी देवीला नारळ दिला. मग शेतात खारं पाणी शिरलं, भात गेलं. लोकांनी देवीला साडी नेसवली. मग उधाणाचं पाणी देवळाच्या पहिल्या पायरीला लागलं. लोक म्हणाले, समुद्र देवीचे पाय धुवायला आला! पुढच्या वर्षी तो तिसऱ्या पायरीवर आला. पाय किती वेळा धुवायचे, मंडळी?

एक सरकारी साहेब पट्टी घेऊन आले. त्यांनी समजावलं, की जग तापतंय, त्यानं समुद्र फुगतोय, आणि हे बेट आणखी पंधरा-वीस वर्षांत राहण्याजोगं उरणार नाही. बेटावर एक मोटारसायकलसुद्धा नाही. लोकांना कळेना, आपण तापवलं काय? गावचे मानकरी बाबली म्हणाले, देवीला विचारल्याशिवाय एक माणूस हलणार नाही.

झालं. कौल लावायचा ठरला. देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रवळूनं विचारलं, आम्ही बेट सोडून जावं काय? सगळे हात जोडून उभे. पाकळी पडेना. दुसऱ्या दिवशी विचारलं. पडेना. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबली म्हणाले, देवी गप्प आहे, म्हणजे राहा म्हणते.

आता बघा. घरात बायको तीन दिवस गप्प बसली, तर आपल्याला कळतं, काहीतरी चुकलंय. देवी गप्प बसली, की आपण म्हणतो, तिची संमती आहे.

रवळूला मात्र चैन पडेना. जेवण जाईना. लोकांना बाहेर पडा म्हणावं, तर ते देवीच्या तोंडी आपले शब्द घातल्यासारखं होतं. राहा म्हणावं, तर चाळीस घरांतली पोरंबाळं बुडण्याचं पाप डोक्यावर.

भाद्रपदाची अमावास्या आली. भर दुपारी, ऊन पडलेलं, वारा नाही, पाऊस नाही — आणि पाणी मुकाट्यानं उंबरा ओलांडून गाभाऱ्यात आलं. रवळू गुडघाभर पाण्यात देवीला धरून उभा. त्याची बायको यशोदी दारात आली. तो म्हणाला, ही काही बोलत नाही, मी काय करू? यशोदीनं पदर खोचला आणि म्हणाली,

"चाळीस वर्सां तुज्या घरात रवलंय. तुका हय बरा वाटता काय, असा एकदा तरी विचारलंस?"

रवळूच्या डोक्यात लख्ख पडलं. सगळ्यांनी आपल्या जाण्याचं विचारलं होतं. देवीचं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दोन पाकळ्या लावल्या आणि म्हणाला,

"बाय माजे, तुका हय रवाचा आसा काय?"

डावी पाकळी पडली, म्हणजे इथं राहायचं नाही. शब्द संपायच्या आत.

कुणी म्हणेल, पाणी हिंदकळलं म्हणून पडली. मीही नंतर रवळूला तसं म्हणालो. त्यानं मलाच विचारलं, पाणी कुणाचं?

संध्याकाळी त्यानं गावाला सगळं सांगितलं. बघायला आम्ही नवराबायको दोघंच होतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा, असंही सांगितलं. बाबली मानकरी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. रवळू खोकला नाही. बाबली उठले आणि आपली मोठी होडी देवळाच्या पायरीला आणून लावली.

दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी पहारी लावून देवी हलवली. आणि खाली काय निघालं? जमीन नव्हतीच. मूर्तीखाली नुसता पाण्याचा खड्डा. कधीपासून ती पाण्यावर उभी होती, कोण जाणे. रवळूनं तो खड्डा बघितला आणि तिथंच चिखलात बसला. म्हणाला, मी रोज हिच्या अंगावर पाणी घालत होतो. एवढंच म्हणाला.

तर मंडळी, देवीनं लोकांना राखलं. पण त्याआधी कुणीतरी तिची विचारपूस करावी लागली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? छान.

आता तुमचं. जुवाईदेवी होडीतून आपल्या गावी आली, ती आठ महिने आपल्याच सोसायटीच्या गोदामात आहे, युरियाच्या पोत्यांशेजारी. रवळू रोज पोती सरकवून पूजा करतो. चाळीस घरं शाळेच्या पडवीत. ती टेकडीवरची पडीक जागा मागतायत. आणि आपण काय म्हणतो? एका शिवेत दोन देवी नकोत. ही अडचण आपली, देवींची नाही.

या सभामंडपात आपण थंड हवेची चार यंत्रं लावलीत. तुम्ही गारव्यात बसलात, मीही बसलोय, खोटं कशाला बोलू. पण आतली उष्णता बाहेर टाकतात ना ही? बाहेर म्हणजे कुठं? बाहेर कोण राहतं?

रवळू आणि यशोदी आज आलेत. त्या खांबाशी बसलेत. वळून बघा. लाजू नका, ती माणसंच आहेत.

उद्या दहा वाजता ग्रामसभा आहे. जागेचा विषय तिसऱ्यांदा येतोय. पहिला हात कोण वर करणार, तेवढं मला आत्ता सांगा. मग आरतीला उभे राहू.

विचार करा. मला घाई नाही.