फाटकाशी थांबणारे बैल

चहा निवतोय, घ्या. तोवर माझ्या शालकाच्या बैलांचं सांगतो.

आमची ही गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नंदुरबारजवळ तिच्या माहेरच्या शेतांमधून पूर्वी खाणीतली खडी नेणारी छोटी रेल्वेलाइन होती. लहानपणी इंजिनाची शिट्टी ऐकली की ती फाटकाशी पळत जायची. "एकदा दाखवीन तुम्हाला ती जागा," असं नेहमी म्हणायची. ते राहून गेलं, म्हणून मीच गेलो.

शालक बैलगाडी जुंपताना म्हणाला, "काय शोधशात दाजी? रूळ कवयच उखडी लई ग्यात. बठ्ठं नांगरी टाकं."

खरंच, सगळं नांगरलेलं, जिकडेतिकडे कापूस. ना भराव, ना खडी. परत फिरू या म्हणणार, तोच बैल वाटेत मधेच थांबले.

"काय झालं?"

शालकाने कपाळावर हात मारला. "आठे त या रोजच थांबतस. मी इसरीच गवथू, आठेच फाटक व्हतं!"

"पण हे बैल तरणे आहेत. यांनी रेल्वे कुठे पाहिली?"

"नही देखी. आम्ही नवा बैल जुना बैलसंगे जुपतस. जुना थांबस, म्हनीसन नवा थांबस. त्या जुनानी बी रेल्वे देखेल नव्हती, दाजी!"

मी समोरचा फुटलेला कापूस पाहत बसून राहिलो. शालकानेही बैलांना हाकललं नाही. जरा वेळाने ते आपणहून चालू लागले.

"चला दाजी," तो म्हणाला, "गाडी गयी."